दिल्लीच्या जुन्या बंगल्यांतील फायरप्लेस: दुरुस्ती कशी करावी, बदल कोणता करावा?

राजधानी दिल्लीत डिसेंबरच्या उत्तरार्धात थंडीचा कडाका वाढू लागला, की नवी दिल्लीतील जुन्या बंगल्यांच्या दिवाणखान्यातील एका विस्मृत वस्तूकडे रहिवाशांचे लक्ष जाते. ती वस्तू म्हणजे भिंतीत बांधलेली शेकोटी, अर्थात फायरप्लेस. अनेक ठिकाणी तिचे तोंड फळी ठोकून बंद केलेले असते, काही ठिकाणी तेथे फुलदाणी किंवा विजेचा हीटर ठेवलेला असतो. ही फायरप्लेस पुन्हा पेटवता येईल का, त्यासाठी कोणती दुरुस्ती करावी लागेल आणि आजच्या दिल्लीत ती पेटवणे योग्य ठरेल का, असे तीन वेगवेगळे प्रश्न त्यातून उभे राहतात. त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत.

राजधानीबरोबर आलेली शेकोटी

ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात झाली. एडविन लटियन्स आणि हर्बर्ट बेकर या वास्तुविशारदांच्या आराखड्यानुसार नवे शहर उभे राहिले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले. ३४० खोल्यांचे व्हाइसरॉय निवास, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, आणि त्याच्या आसपास पसरलेले अधिकाऱ्यांचे बंगले याच काळातील आहेत. यांपैकी अनेक बंगल्यांची रचना लटियन्स यांनी नव्हे, तर रॉबर्ट टॉर रसेल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातील त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती.

या बंगल्यांची उंच छते, जाड भिंती आणि रुंद व्हरांडे उन्हाळ्याचा विचार करून योजलेले होते. उन्हाळ्यात सुखद वाटणारी हीच खोली हिवाळ्यात मात्र गार पडते. दिल्लीत जानेवारीचे सरासरी किमान तापमान ७ ते ८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सफदरजंग वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी उणे ०.६ अंश इतक्या तापमानाची नोंद झाली होती. ८ जानेवारी २००६ रोजी तेथे पारा ०.२ अंशांपर्यंत उतरला होता. त्यामुळे इंग्लंडच्या पद्धतीची फायरप्लेस या बंगल्यांत आली, हे स्वाभाविकच होते.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळात बांधकाम खात्याची धुरा न. वि. उर्फ काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होती. आज या सरकारी बंगल्यांची देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. १९८८ मध्ये या परिसराला लटियन्स बंगला क्षेत्र म्हणून वेगळी ओळख देण्यात आली आणि तेथील बांधकामावर निर्बंध घालण्यात आले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००२ च्या आपल्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत या क्षेत्राचा समावेश केला होता. म्हणूनच येथील फायरप्लेसची दुरुस्ती हा केवळ गवंडीकामाचा विषय राहत नाही. मूळ चौकट, विटा आणि धुराडे यांचे जतन हाही तिचा भाग ठरतो.

कोनाडा का खराब होतो?

फायरप्लेसचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष लाकूड जेथे जळते तो विटांचा कोनाडा. दुसरा भाग म्हणजे कोनाड्याच्या वरचा अरुंद गळा. तेथे धूर अडवणारी किंवा सोडणारी लोखंडी झडप असते. तिसरा भाग म्हणजे छताबाहेर जाणारे धुराडे.

कोनाड्याला सर्वाधिक ताण सोसावा लागतो. लाकडाच्या आगीत निखाऱ्यांजवळचे तापमान कित्येक शे अंशांवर जाते आणि आग विझल्यावर तीच वीट काही तासांत थंड होते. प्रसरण आणि आकुंचन यांच्या या चक्रामुळे विटांमधील दर्जा सुटू लागतात, विटांना तडे जातात आणि त्यांचे पापुद्रे निघतात. दिल्लीत याला आणखी एका कारणाची जोड मिळते. वर्षातील दहा महिने आग पेटत नाही आणि पावसाळ्यात उघड्या धुराड्यातून पाणी थेट आत उतरते. साचलेल्या राखेत ओल धरून राहते आणि चुन्याचा दर्जा हळूहळू भुसभुशीत होतो. वापरात नसलेल्या धुराड्यात पारवे आणि साळुंक्या घरटी करतात, हीदेखील नेहमीची अडचण आहे.

अनेकदा चुकीची दुरुस्तीच मोठे नुकसान करते. घरातील इतर कामांसाठी आणलेले साधे सिमेंट कोनाड्यातील भेगांत भरले जाते. सुमारे ४०० ते ५०० अंश तापमानात या सिमेंटमधील रासायनिक बंध तुटू लागतात, त्यामुळे एक-दोन हिवाळ्यांतच ते गळून पडते. शिवाय जुन्या, मऊ विटांच्या मानाने सिमेंट अधिक कठीण असल्याने ताण विटेवर येतो आणि शेवटी वीटच फुटते.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीची सुरुवात साफसफाईने होते. राख व काजळी काढून तारेच्या ब्रशने विटा स्वच्छ केल्या जातात. काजळीचे कण श्वासावाटे आत जाऊ नयेत म्हणून तोंडाला मास्क लावणे आवश्यक असते. त्यानंतर हलक्या हातोडीने प्रत्येक विटेवर ठोकून पाहिले जाते. भक्कम वीट खणखणीत वाजते, तर आतून तडकलेल्या विटेचा आवाज बद्द येतो. विजेरी आणि आरसा यांच्या साहाय्याने गळा व धुराड्याचा आतील भाग तपासता येतो.

भुसभुशीत झालेल्या दर्जा सुमारे दोन सेंटिमीटर खोलीपर्यंत खरवडून काढल्या जातात. आगीशी थेट संबंध येणाऱ्या भागात उष्णता सोसणारा, भट्टीच्या मातीवर आधारित मसालाच भरावा लागतो. निकामी झालेल्या विटांच्या जागी भट्टीच्या विटा बसवल्या जातात. या विटा एक हजार अंशांहून अधिक तापमानातही टिकतात. त्यांच्यातील दर्जा जेवढी बारीक, तेवढे बांधकाम टिकाऊ ठरते. ती साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, असा प्रघात आहे.

आगीपासून दूर असलेल्या बाहेरच्या भिंतीसाठी आणि छतावरील धुराड्यासाठी मात्र मूळचा चुना व सुरखी यांचा मसाला अधिक योग्य ठरतो. हा मसाला लवचीक असतो आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. जुन्या इमारतींच्या संवर्धनात 'जुन्याला जुन्यासारखेच साहित्य' हे तत्त्व पाळले जाते, त्यामागील कारण हेच आहे.

काम पूर्ण झाल्यावर लगेच मोठी आग पेटवणे धोक्याचे असते. मसाल्यातील पाण्याची एकदम वाफ झाली तर नवी दर्जा फुटते. म्हणून मसाला वाळल्यानंतर काही दिवस रोज लहान आग पेटवून तापमान क्रमाक्रमाने वाढवले जाते. शेवटी झडप मोकळी हलते का, हे पाहिले जाते आणि धुराड्याच्या तोंडावर पाऊस व पक्षी अडवणारी जाळीदार टोपी बसवली जाते.

उघडी आग दिसते सुंदर, ऊब देते थोडी

कोनाडा नवा झाला, तरी उघड्या फायरप्लेसचा मूळ दोष कायम राहतो. लाकडातील उष्णतेचा साधारण एक दशांश भागच खोलीला मिळतो आणि बाकीची उष्णता धुराबरोबर आकाशात जाते. आग आपल्याला लागणारी हवा खोलीतूनच ओढते. तेवढीच थंड हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत येते. परिणामी आगीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा तापतो, परंतु पाठीमागची खोली अधिकच गार होते.

साध्या हिशेबाने हे स्पष्ट होते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४ युनिट विजेइतकी उष्णता असते. एका संध्याकाळी ५ किलो लाकूड जाळले, तर सुमारे २० युनिट उष्णता निर्माण होते. उघड्या फायरप्लेसमधून त्यांपैकी जेमतेम २ युनिट खोलीच्या वाट्याला येतात. एक हजार वॅटचा विजेचा हीटर दोन तासांत तेवढीच ऊब देतो.

या दोषावर उपाय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४० च्या दशकात लोखंडी शेगडीची रचना मांडली. काउंट रमफोर्ड या नावाने ओळखले जाणारे शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन यांनी १७९६ मध्ये फायरप्लेसवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. कोनाडा उथळ करावा, त्याच्या बाजूच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात आणि वरचा गळा अरुंद करावा, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे उष्णता खोलीकडे परावर्तित होते आणि धूर अधिक वेगाने वर जातो. आजही फायरप्लेस बांधताना ही तत्त्वे विचारात घेतली जातात.

कोनाड्यात बसणारी बंद पेटी

गेल्या काही दशकांत युरोप आणि अमेरिकेत 'इन्सर्ट' नावाचा पर्याय रूढ झाला. जुन्या कोनाड्यात सरकवून बसवता येईल अशी ही बिडाची किंवा पोलादी पेटी असते. तिच्या तोंडाला उष्णता सोसणाऱ्या काचेचे घट्ट दार असते. आत किती हवा जावी, हे लहान झडपेने ठरवता येते. पेटीच्या वरच्या भागात गरम हवा सोडून धुरातील न जळलेले वायू पुन्हा जाळले जातात. पेटीभोवतीच्या पोकळीतून खोलीतील हवा फिरते, तापते आणि परत खोलीत येते.

चांगल्या इन्सर्टमध्ये लाकडातील ६५ ते ७५ टक्के उष्णता खोलीला मिळू शकते. वरील उदाहरणातील २० युनिटांपैकी १३ ते १५ युनिट ऊब त्यातून मिळेल. धुराचे प्रमाणही बरेच कमी होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० पासून नव्या लाकडी शेगड्यांसाठी ताशी २ ग्रॅम सूक्ष्म कणांची मर्यादा लागू केली आहे. ओंडक्यांवर चाचणी केल्यास ही मर्यादा अडीच ग्रॅम आहे.

मात्र इन्सर्ट बसवताना धुराड्याकडे दुर्लक्ष करणे ही गंभीर चूक ठरते. उघड्या आगीसाठी बांधलेले धुराडे रुंद असते. इन्सर्टमधून निघणारा धूर कमी आणि तुलनेने थंड असतो. रुंद धुराड्यात तो आणखी थंड होतो व त्यातील डांबरासारखा ज्वालाग्राही थर आतल्या भिंतींवर जमतो. क्रिओसोट नावाने ओळखला जाणारा हा थर पुढे पेट घेऊ शकतो. म्हणून इन्सर्टच्या तोंडापासून धुराड्याच्या टोकापर्यंत योग्य व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी बसवणे अत्यावश्यक मानले जाते. धुराडे छतापासून किमान ३ फूट उंच असावे आणि १० फुटांच्या परिघातील कोणत्याही भागापेक्षा २ फूट वर असावे, असा सर्वसाधारण नियम आहे.

लाकूड कसे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते आणि धूर वाढतो. जळणासाठी २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेले, किमान सहा महिने ते वर्षभर वाळवलेले लाकूड योग्य समजले जाते. रंग किंवा पॉलिश दिलेले जुने फर्निचर आणि प्लायवुड जाळल्यास विषारी वायू बाहेर पडतात.

भारतीय वाचकांना या पेटीचे तत्त्व अपरिचित नाही. काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि लडाखमध्ये वापरली जाणारी बुखारी हीसुद्धा पत्र्याची बंद शेगडीच असते. तिची नळी भिंतीतून किंवा छतातून बाहेर जाते आणि तापलेली नळीही खोलीला ऊब देते. फरक इतकाच, की बुखारी खोलीच्या मध्यभागी उभी राहते, तर इन्सर्ट जुन्या कोनाड्यात सामावतो.

दिल्लीच्या हवेचा प्रश्न

तांत्रिकदृष्ट्या इन्सर्ट हा उत्तम पर्याय असला, तरी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात त्याचा विचार वेगळ्या कसोटीवर करावा लागतो. येथे थंडी आणि प्रदूषण एकाच वेळी येतात. वारा मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि धूर शहरावरच साचून राहतो. भारतात पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी २४ तासांची कमाल मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे. हिवाळ्यातील दिल्लीत या दोन्ही मर्यादा वारंवार ओलांडल्या जातात. कानपूरच्या आयआयटीने २०१६ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, हिवाळ्यातील पीएम २.५ मध्ये पिकांचे अवशेष व लाकूडफाटा यांसारख्या जैवइंधनाच्या ज्वलनाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश होता.

२०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती आराखड्यात, म्हणजे 'ग्रॅप'मध्ये, हवा बिघडत जाईल तसे निर्बंध वाढवण्याची तरतूद आहे. उपाहारगृहांच्या तंदूरमध्ये कोळसा व लाकूड वापरण्यावर बंदी, तसेच रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांना उघड्यावर शेकोटी पेटवावी लागू नये म्हणून निवासी संघटनांनी विजेचे हीटर पुरवणे, अशा उपायांचा त्यात समावेश करण्यात आला. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने २०२२ मध्ये राजधानी क्षेत्रासाठी मान्य इंधनांची यादी जाहीर केली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. या यादीत लाकडाला धार्मिक विधी व अंत्यसंस्कार अशा मोजक्याच कामांसाठी स्थान देण्यात आले.

या पार्श्वभूमीवर, बंगल्याच्या दिवाणखान्यात लाकूड जाळण्याची सोय नव्याने करण्यापूर्वी लागू असलेले नियम पाहणे आवश्यक ठरते. दारावरील पहारेकऱ्याला शेकोटी विझवण्यास सांगायचे आणि आतल्या खोलीत मात्र फायरप्लेस पेटवायची, हे न्यायालाही धरून होणार नाही. धूर दोन्हींचा एकाच हवेत मिसळतो.

लंडनने हा अनुभव पूर्वीच घेतला आहे. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस साचलेल्या विषारी धुक्याने तेथे हजारो बळी घेतले. घराघरांतील कोळशाच्या फायरप्लेस हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा करण्यात आला आणि धूरनियंत्रित क्षेत्रे ठरवण्यात आली. लंडनच्या अनेक घरांत फायरप्लेसची चौकट कायम राहिली, परंतु आतील उघड्या आगीची जागा गॅस आणि विजेने घेतली.

बंद खोलीतील विषारी वायू

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जीविताशी निगडित आहे. दिल्लीत दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपल्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात. जानेवारी २०२४ मध्ये अलीपूर परिसरात एकाच कुटुंबातील ४ जणांचा आणि त्याच सुमारास इंद्रपुरी भागात दोघांचा अशाच प्रकारे मृत्यू झाला. अपुऱ्या हवेत कोळसा किंवा लाकूड जळल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे असतात. झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत.

अंगीठीला धुराडे नसते. फायरप्लेसला ते असते, पण ते तुंबलेले किंवा तडकलेले असेल, तर धोका तोच राहतो. पक्ष्यांच्या घरट्याने अडलेला धूर खोलीत परततो. भिंतीतील भेगेतून तो शेजारच्या किंवा वरच्या खोलीत शिरू शकतो. निखारे विझण्यापूर्वी झडप बंद केल्यासही वायू आत कोंडतो. आधुनिक घट्ट खिडक्या आणि स्वयंपाकघरातील बाहेर हवा फेकणारा पंखा यांमुळे धुराड्यातील हवा उलट दिशेने वाहू शकते. म्हणूनच बरीच वर्षे बंद असलेली फायरप्लेस तपासणीशिवाय पेटवू नये, हवा आत येण्यास वाट ठेवावी आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण खोलीत बसवावे, असा सल्ला दिला जातो. अंगीठी तर झोपण्याच्या खोलीत ठेवूच नये.

कोणता पर्याय निवडावा?

जेथे घराजवळ वाळलेले लाकूड मिळते, हवा मोकळी आहे आणि नियमांची आडकाठी नाही, तेथे कोनाड्याची दुरुस्ती, धुराड्यात स्टीलची नळी आणि बंद इन्सर्ट किंवा बुखारी हा क्रम योग्य आहे. हिमालयाच्या कुशीतील घरांना तो विशेष उपयुक्त ठरतो. महाबळेश्वर, पाचगणी यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी जुन्या बंगल्यांचे मालकही स्थानिक नियम पाहून त्याचा विचार करू शकतात.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरीदाबाद या पट्ट्यात मात्र दुरुस्तीचा हेतू जतन हाच असावा. कोनाडा व चौकट सुस्थितीत ठेवावी, धुराड्यावर टोपी बसवावी आणि वापर नसताना गळा बंद करावा. त्यामुळे उन्हाळ्यात थंड केलेली हवाही धुराड्यावाटे वाया जात नाही. धुराडे पूर्णपणे लिंपू नये, हवेसाठी लहान जाळी ठेवावी. अन्यथा आत ओल धरते. उबेसाठी त्याच कोनाड्यात विजेवर चालणारा इन्सर्ट ठेवता येतो किंवा उष्ण व थंड अशी दोन्ही हवा देणारे वातानुकूलन यंत्र वापरता येते. या उपकरणांसाठी घरातील वायरिंग पुरेशा क्षमतेचे आहे का, हे आधी तपासून घ्यावे. वारसा दर्जा असलेल्या इमारतीत कोणताही बदल करण्यापूर्वी संबंधित यंत्रणेची परवानगी आवश्यक असते.

शंभर वर्षांपूर्वी ही फायरप्लेस बांधली गेली, तेव्हा दिल्लीची लोकसंख्या काही लाखांच्या घरात होती. आज राजधानी क्षेत्रात कोट्यवधी लोक एकाच हवेत श्वास घेतात. त्यामुळे या जुन्या कोनाड्याची डागडुजी करताना त्यातून किती ऊब मिळेल, याबरोबरच त्याच्या धुराड्यातून बाहेर काय जाईल, याचाही विचार रहिवाशांना करावा लागणार आहे.